दगड बघायला आयर्लंडला!

‘आयर्लंडला जाऊन काय काय पाहिलंत?’ असं परत आल्यापासून निदान पन्नास जणींनी विचारलं असेल. मी म्हणते, ‘दगड!’ मग समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या भिशीतली एक जण तर म्हणाली, ‘‘अगं, दगडच बघायचे होते तर आपला सामानगड काय वाईट होता?’’ तिचंही चूक नाही म्हणा. तिकिटाचे पैसे तरी वाचले असते.

मी गडहिंग्लजची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. लेक सहा वर्षांपासून डब्लिनला नोकरी करते. २०२४च्या मे महिन्यात पहिल्यांदाच तिच्याकडे गेले, तर तिला सलग सुट्टी मिळेना. ‘‘आई, तू घरात बसून काय भिंती बघणार? तुझ्यासाठी एक टूर बघून ठेवलीय. शॉपिंगवाली नाही हं, पुरातत्त्ववाली. जुनी थडगी, पडके मठ, शेतं, खेडी, सगळं तुझ्या आवडीचं.’’ माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्यात तिकडचे उच्चार वेगळे. म्हटलं, एकटीने आठ दिवस कसं होणार? पण लेकीने पैसे भरून टाकले होते. पैसे भरले की आपण बायका कुठेही जातो, हे तिला पक्कं ठाऊक.

आमची चौदा जणांची छोटी बस होती. सहा जण अमेरिकन, ज्यांचे पणजोबा-पणज्या आयर्लंडातून गेलेल्या. एक जर्मन जोडपं, ऑस्ट्रेलियातून आलेल्या तिघी बहिणी, लिमरिकच्या दोघी चुलतबहिणी (त्यातली थोरली पंचाहत्तरीच्या पुढची, तिला मी मनातल्या मनात ‘लिमरिकच्या आजी’ म्हणू लागले) आणि मी. गाईडबाई स्वतः पुरातत्त्व शिकलेल्या, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून चिखलात पुढे चालणाऱ्या. ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा, फोटो काढा, चला बसमध्ये’ हा प्रकारच नव्हता. एकेका जागी दोन-दोन, तीन-तीन तास. ज्यांना एका दिवसात चार शहरं ‘करायची’ असतात त्यांनी या टूरच्या वाटेला जाऊच नये.

पहिला मुक्काम बॉइन नदीच्या खोऱ्यात. या नदीचं नाव बोआन नावाच्या देवीवरून पडलं, आणि त्या नावातल्या ‘बो’चा अर्थ गाय. आपलं ‘गो’ आणि त्यांचं ‘बो’ एकाच जुन्या मूळ शब्दापासून आलेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. हे ऐकल्यावर मला त्या हिरव्या कुरणात एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. नदीच्या वळणात न्यूग्रेंज नावाची टेकडी आहे. टेकडी म्हणजे माणसांनी रचलेली. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षं, म्हणजे इजिप्तचे गिझाचे पिरॅमिड उभे राहायच्या कितीतरी आधी, लोखंड नाही, तांबं नाही, चाक नाही, अशा शेतकरी माणसांनी सुमारे ८५ मीटर रुंदीचा हा ढीग रचला. भोवती ९७ मोठ्या शिळांचं कडं. दारातल्या शिळेवर कोरलेली वळणं अशी, की आपल्याकडची कुणी बाई म्हणेल, ही तर आमच्या चैत्रांगणातली!

आत जायची वाट १९ मीटरची, अंग चोरून जावं लागतं. शेवटी छोटी खोली. तिचं छत चुना-मातीशिवाय नुसते दगड एकावर एक पुढे सरकवत मिटवलेलं, आणि पाच हजार वर्षांत त्यातून पाणी गळलेलं नाही. (आमच्या शाळेचा नवा हॉल दुसऱ्याच पावसात गळायला लागला होता, त्याची आठवण झाली. असो.) गाईडबाईंनी सगळ्यांना चिकटून उभं केलं आणि दिवे मालवले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मग त्यांनी एक दिवा लावून दाखवला की डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, काय होतं. दरवाजाच्या वर एक वेगळी फट ठेवलेली आहे. सूर्य उगवला की तिच्यातून किरण आत शिरतो, वाटेवरून सरकत शेवटच्या खोलीपर्यंत येतो आणि साधारण १७ मिनिटं तिथे थांबतो. त्या पहाटे आत उभं राहायला मिळावं म्हणून दरवर्षी हजारो अर्ज येतात, चिठ्ठ्या टाकून मोजक्यांची नावं काढतात.

माझ्या अंगावर काटा आला, कारण मला कोल्हापूर आठवलं. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव! नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन आईच्या पायांना लागतात, मग वर चढतात. मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर गाईडबाईंनी बसमध्ये मला पुढच्या सीटवर बसवलं आणि माइक हातात दिला. किरणांच्या वाटेत इमारती आणि अडथळे येतात, ते काढायला किती वर्षं झगडावं लागतं, तेही सांगितलं. लपवायचं कशाला?

न्यूग्रेंजची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. १६९९ साली जमीनमालकाने रस्त्यासाठी दगड काढायला माणसं लावली, तेव्हा आत जायची वाट सापडली. पण खरं उत्खनन १९६२ ते १९७५. ते करणारे प्राध्यापक मायकेल ओकेली यांना आसपासचे गावकरी सांगत की कधीतरी या थडग्यात उन्हं जातात. गावठी समजूत म्हणून त्यांनी ती सोडून दिली नाही. २१ डिसेंबर १९६७ला पहाटे ते एकटे आत जाऊन बसले, आणि ऊन आलं. त्यांच्या पत्नी क्लेअर ओकेली यांनी तिथल्या शिळांवरच्या कोरीव कामाची बारकाईने नोंद केली. समोरची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत मात्र उत्खननानंतर नव्याने रचलेली आहे, ती मुळात तशीच होती का, यावर अजून वाद आहे. गाईडबाईंनी हेही उघड सांगितलं, ते मला आवडलं.

तिथून पश्चिमेला निघालो ते रॉसकॉमन जिल्ह्यात. इथे राथक्रोहन नावाचं ठिकाण आहे, वरवर पाहिलं तर गवताचे उंचवटे. पण ही म्हणे मेव्ह राणीची राजधानी. आयर्लंडची सगळ्यात गाजलेली जुनी कथा तिचीच. राणी आणि तिचा नवरा अंथरुणात पडल्या पडल्या वाद घालतात की लग्नाच्या वेळी कोण जास्त श्रीमंत होतं. भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे सगळं मोजतात. सारखं भरतं. नवऱ्याकडे फक्त एक खोंड सरस निघतो. झालं! तसाच खोंड मिळवायला राणी फौज घेऊन निघते आणि महाभारत घडतं. लिमरिकच्या आजी मला कोपराने ढोसून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडच्या बायका तेव्हापासूनच हिशोबाला पक्क्या!’’

याच जिल्ह्यातल्या बॉइल गावी १८७८ साली मार्गारेट कझिन्स जन्मल्या. आयर्लंडमध्ये बायकांच्या मतदानासाठी लढल्या, मग भारतात आल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या उभारणीत पुढे राहिल्या. ती पहिली परिषद भरली कुठे? पुण्यात, जानेवारी १९२७मध्ये, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात कधी ठळक आलं नाही.

रॉसकॉमनमध्येच स्ट्रोक्सटाउनला दुष्काळाचं संग्रहालय आहे. इथे मात्र माझी टूर ‘टूर’ राहिली नाही. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला. गरीब माणूस तीन त्रिकाळ बटाट्यावरच जगायचा, कारण चांगली जमीन आणि धान्य जमीनदाराचं. बटाटा कुजला, पण धान्य बोटीत भरून बाहेर जातच राहिलं. १८५२पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या जवळपास ८२ लाख होती, १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. आजही उत्तर आणि दक्षिण मिळून ती सत्तर लाखांच्या आसपासच आहे. पावणेदोनशे वर्षांत भरून न आलेला खड्डा! १८४७मध्ये याच स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने चौदाशेहून अधिक कुळांना चालत डब्लिनला नेऊन बोटीत बसवलं.

सरकारी मदतीची दोरी ज्यांच्या हातात होती ते चार्ल्स ट्रेव्हेलियन. हे गृहस्थ आधी कंपनी सरकारच्या नोकरीत आपल्याकडेच होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले. फुकट दिलं तर माणसं आळशी होतील, हा त्यांचा खाक्या. म्हणून उपाशी माणसांना रस्ते बांधायला लावलं. कुठेच न जाणारे रस्ते! गाईडबाई पुढे डोंगरात आम्हाला एक असा रस्ता दाखवणार होत्या. आपल्याकडच्या १८७६-७८च्या दुष्काळातही दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशोबाने मजुरी ठरवली होती, ते आठवलं.

पण मला त्याहून जवळचं आठवलं. माझं माहेर जत तालुक्यातलं. १९७२ ला मी दहा वर्षांची होते. आई रोज पहाटे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. काचेच्या पेटीत ठेवलेली ती जुनी लोखंडी कढई, सूप वाटायची, बघून मला तिथे उभं राहवेना. बाकावर जाऊन बसले. बॉस्टनहून आलेली एक निवृत्त नर्स शेजारी येऊन बसली. मी तिला आईबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ‘‘माझी पणजी यातूनच निसटली. पण आमच्या घरात कुणी कधी बोललंच नाही. लाज वाटायची.’’ भुकेची लाज भुकेल्याला वाटते, ज्यांनी धान्य बाहेर नेलं त्यांना वाटत नाही. हे दोन्हीकडे सारखंच की!

त्या दुष्काळात आयर्लंडला बाहेरून आलेल्या सगळ्यात पहिल्या वर्गण्यांमध्ये कलकत्त्याची वर्गणी होती, सुमारे १४ हजार पौंडांची. आणि अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी, जे स्वतःच काही वर्षांपूर्वी देशोधडीला लागले होते, १८४७मध्ये १७० डॉलर पाठवले. आयरिश लोक विसरले नाहीत. कॉर्क जिल्ह्यात त्यांनी चॉक्टॉंच्या आठवणीसाठी पोलादी पिसांचं शिल्प उभारलं आहे.

पुढे मेयो जिल्हा. उत्तर टोकाला, समुद्राच्या कड्यावर, केजा फील्ड्स. १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड नावाचे शाळामास्तर पीट कापत होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दाबली गेलेली झाडपाल्याची काळी माती, वाळवली की जळण. तर कापता कापता त्यांना खोल तळाशी रांगेत रचलेले दगड लागले. माती दगडांच्या वर साचलेली, म्हणजे दगड मातीच्या आधीचे, हे मास्तरांनी ओळखलं आणि संग्रहालयाला कळवलं. त्यांचा मुलगा शेमस पुढे पुरातत्त्वज्ञ झाला आणि १९७०पासून त्याने गावकऱ्यांना घेऊन लोखंडी सळया मातीत खुपसत खुपसत भिंती शोधल्या. सळई सहज खाली गेली तर माती, अडली तर भिंत. दलदलीखाली मैलोन्‌मैल शेतांचे बांध निघाले. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, असं तिथे सांगतात. काही अभ्यासक या काळावर वाद घालतात, पण बांध जुने हे नक्की. आम्हालाही एकेक सळई दिली. माझी सळई दोन हात आत गेली आणि ‘टक्‌’ झालं. काय सांगू त्या आवाजाबद्दल! हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपली गुरं दुसऱ्याच्या शेतात जाऊ नयेत म्हणून ठेवलेला दगड. बांधावरून भांडणं तेव्हाही होत असतीलच.

मास्तरांचं मला कौतुक वाटलं ते वेगळंच. लहान गावातला शाळेचा मास्तर, पीएचडी नाही, काही नाही. पण बघायची नजर, आणि कळवायची तसदी.

पीट कापायचं कुदळीसारखं हत्यार असतं, त्याला श्लान म्हणतात. पुरुष कापणार, बायका-पोरं त्या विटा उलटून-पालटून वाळवणार, उभ्या टेकवून रचणार. अगदी आपल्या शेणी रचतात तशा! एका घरी आम्हाला पीटच्या विस्तवावर सोडा ब्रेड करून दाखवला. यीस्ट नाही, पीठ, मीठ, सोडा आणि आंबट ताक. लोखंडी भांडं विस्तवावर टांगायचं, झाकणावरही निखारे ठेवायचे. आपल्याकडे ओव्हन यायच्या आधी केक, नानकटाई अशीच व्हायची ना? वर घरचं लोणी. मी शाकाहारी म्हणून लेकीला काळजी होती. मी तर आठ दिवस ब्रेड, लोणी, बटाटा आणि किसलेल्या बटाट्याच्या बॉक्स्टी नावाच्या थालीपिठावर मजेत होते. हिरव्या मिरचीची आठवण तेवढी येई. आता हवामानाच्या काळजीने पीट जाळण्यावर बंधनं आली आहेत. २०२२पासून दुकानातून विक्री बंद, हक्काच्या तुकड्यातून घरापुरतं कापता येतं. घरच्या बाईंना ते पटत होतं आणि पटत नव्हतंही. ‘‘मी जाळते ते दिसतं. विमानं उडतात ती?’’ म्हणाल्या. मी विमानानेच आले होते, गप्प बसले.

कॅसलबारजवळ टर्लॉ पार्कला खेड्यातल्या जगण्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २००१ साली सुरू झालेलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी नाहीत. टोपल्या, कणसाच्या काड्यांच्या खुर्च्या, विळे, घागरी, ताक घुसळायची लाकडी रवी. आणि लोण्याच्या समजुती तर विचारू नका! घुसळण चालू असताना कुणी घरात आलं तर त्याने रवीला हात लावून चार हिसके द्यायलाच हवेत, नाहीतर लोण्याची बरकत जाते. मेच्या पहिल्या दिवशी शेजारीण डोळा ठेवून आपलं लोणी ओढून नेते, म्हणून त्या दिवशी घरातून विस्तव, दूध काही बाहेर द्यायचं नाही. अशा समजुतींना पिशोग म्हणतात. माझी आजी तिन्हीसांजेला मीठ-विरजण देत नसे. म्हणजे दृष्ट लावणारी शेजारीण जगात सगळीकडे राहते तर!

तिथेच शाळेच्या वह्या पाहिल्या. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सरकारी लोककथा मंडळाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना गृहपाठ दिला : घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. घरगुती औषधं, भुतं, विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, सण, खेळ. ५० हजारांवर मुलांनी लिहिलं. लाखो पानं भरली आणि ती सगळी जपून ठेवली आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तेवढ्याच तोलाचं काम. पण इथे पोरांकडून करून घेतलं! दहा-बारा वर्षांच्या मुलीचं ते गोल गोल अक्षर बघत मी इतका वेळ उभी राहिले, की बस माझ्यासाठी थांबली होती.

आकिल बेटावर स्लीवमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस पडलेलं गाव आहे. शंभरेक दगडी घरं, छप्परं गेलेली, आत मेंढ्या. बाजूच्या उतारावर बटाट्याचे वाफे अजून गवताखाली वळासारखे दिसतात. इथे गाईडबाईंनी ‘अमेरिकन वेक’बद्दल सांगितलं. वेक म्हणजे घरात मयत झाल्यावरचं रात्रीचं जागरण. पण मूल अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री जिवंत माणसाचंच जागरण करायचे. नाच, गाणी, चहा-दारू आणि पहाटे विलाप, कारण ते पुन्हा दिसणार नाही हे ठरलेलंच. आयर्लंडातून जाणाऱ्यांत एकट्या मुलीही मुलांच्या बरोबरीने होत्या, हे विशेष. १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर पहिलं पाऊल ठेवणारी ॲनी मूर कॉर्कची पोरगीच. या मुली श्रीमंतांकडे मोलकरणी झाल्या. इतक्या, की ‘ब्रिजेट’ हे आयरिश नाव तिकडे मोलकरणीचंच नाव होऊन बसलं. त्यांच्या पैशांवर मागे भावंडांची तिकिटं निघाली, घरभाडी भरली गेली.

बॉस्टनची नर्स त्या घरांतून हिंडत होती. तिची पणजी याच भागातली, पण कुठलं घर, ते कुणालाच ठाऊक नाही. ती एका चुलीपाशी जरा वेळ बसली आणि उठली. मग मला विचारलं, ‘‘तुमची मुलगी परत जाणार का भारतात?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी सहा वर्षं लेकीला विचारलेला नव्हता. मागच्या वर्षी तिने तिथे घर घेतलं, कर्ज तीस वर्षांचं. तीस वर्षांच्या कर्जाचा अर्थ मला कळतो. मी म्हणाले, ‘‘नाही येणार.’’ पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, ‘‘फोन तर आहे.’’ आणि आम्ही दोघी हसलो. आमच्याकडे रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. स्लीवमोरच्या आयांकडे वर्षातून एक पत्र, तेही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. फरक आहेच. पण ओस पडलेल्या घरांना फरक पडत नाही, हेही तितकंच खरं. आमच्या गल्लीत आज सात घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत.

गॉलवेच्या मुक्कामात रात्री दहालाही उजेड होता. लिमरिकच्या आजी आणि मी समुद्राकडे चालत निघालो. त्या सरकारी कचेरीत होत्या. १९७० ला लग्न झालं आणि नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरी सोडायची, असा तिथे नियम होता, १९७३पर्यंत! मला आधी वाटलं, माझ्या इंग्रजीचा घोटाळा होतोय. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही भारतात कुठल्या?’’ गडहिंग्लज कुणाला माहीत असणार? म्हटलं, ‘‘बेळगावजवळच्या.’’ त्या थबकल्या. ‘‘बेळगाव? सविताचं?’’

सविता हलप्पनवार. बेळगावची लेक, दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची, १७ आठवड्यांची गरोदर. २८ ऑक्टोबर २०१२ला याच गॉलवेत गेली. गर्भ टिकणार नाही हे दिसत होतं, तरी त्याचे ठोके चालू आहेत तोवर मोकळं करता येणार नाही, असं उत्तर मिळालं, आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव गेला. २५ मे २०१८ला आयर्लंडने मतदान करून घटनेतली ती अट काढली. दोन तृतीयांश लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. आजी म्हणाल्या, ‘‘मी रोज चर्चला जाणारी बाई. मीही बदलाला मत दिलं. तिच्या आईला भेटलात कधी, तर सांगा.’’ मी त्या माउलीला ओळखत नाही. पण हा निरोप इथे लिहून ठेवते.

ॲरन बेटांबद्दल आणि बरेनच्या खडकाळ पठाराबद्दल लिहायला वेगळा लेख हवा. खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ पाटीने वाहून शेत तयार करणाऱ्या बायका, आणि कड्याच्या टोकावरचा डून एंगस किल्ला, जिथे लोक पोटावर झोपून खालचा समुद्र बघतात (मी नाही बघितला!). ॲरनच्या प्रसिद्ध स्वेटरवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असते, ही गोष्ट मात्र दुकानदारांची. गाईडबाईंनी हसून उडवली.

वाटेत शेताच्या मधोमध गोल मातीचे कोट दिसतात. देशभर चाळीस हजारांहून जास्त आहेत. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, पण लोक म्हणतात ‘पऱ्यांचे कोट’. नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही. आपल्या देवराया अशाच वाचल्या. कायद्याने जेवढं राखलं त्याहून जास्त भीतीने राखलं, असं गाईडबाईंचं मत. माझंही.

शेवटच्या दिवशी किल्डेअर. संत ब्रिजिडचं गाव. राजाने तिला अंगावरच्या शालीखाली मावेल तेवढीच जमीन देऊ केली आणि शाल पसरत पसरत सगळं कुरण व्यापून बसली, अशी कथा. वामनाची बहीणच म्हणायची! १ फेब्रुवारीला तिचा सण, वसंताची सुरुवात. २०२३पासून त्यानिमित्त देशाला सार्वजनिक सुट्टी मिळते. बाईच्या नावाची ही तिथली पहिलीच सुट्टी. लव्हाळ्याच्या काड्या विणून तिचा क्रॉस करतात आणि दारावर लावतात, घराला आग लागू नये म्हणून. तिथल्या बाईंनी शिकवला. माझा चौथ्या खेपेला जमला. लेकीच्या नव्या घराच्या दारावर लावून आले, आंब्याच्या डहाळ्यांच्या तोरणाशेजारी.

(ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसा वेगळा लागतो. मे-जून उत्तम. छत्री नको, वाऱ्याने उलटते. टोपीचा रेनकोट आणि चिखलात चालतील असे बूट घ्या. गुडघे दुखत असतील तर आधी कळवा, चढ आहेत.)

जूनमध्ये परतले तेव्हा शाळा सुरू होत होती. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. सातवीच्या एकवीस मुलांना एकेक वही दिली : घरी जा, आजीला विचारा, लिहून आणा. अठरा वह्या परत आल्या. बऱ्याच जणांनी मोबाइलवरून उतरवलंय, ते लगेच कळतं. पण एका मुलीने लिहिलंय की तिच्या आजोळी नळाजवळ बायका ज्या दगडावर कपडे आपटतात, त्याच्या खालच्या अंगाला गाय आणि तलवारवाला माणूस आहे, आणि आजी म्हणते, ‘तो गाई सोडवताना मेला.’ आम्ही दोघी जाऊन बघून आलो. वीरगळ आहे. तीन कप्पे, खाली गाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. वरचा कप्पा साबणाने आणि घासण्याने जवळजवळ पुसलाय.

दगड देवळाच्या आवारात हलवा, असा अर्ज ग्रामपंचायतीला दिला आहे. सरपंच तयार आहेत. नळावरच्या बायका म्हणतात, आधी कपडे धुवायला दुसरा दगड बसवून द्या, मग हा न्या. रास्त आहे. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे, मी जाणार आहे.